बुटांचं शुक्रवारचं न्हाणं

आमच्या शेजारचे पंचनदराव दर शनिवारी आपल्या सायकलला अभ्यंगस्नान घालत. थट्टा करत नाही मी. पितळी वाटीत तिळाचं तेल कोमट करायचं, त्यात चार मिरे आणि चिमूटभर जिरं टाकायचं, आणि मग ते साखळीला, आऱ्यांना, घंटीलासुद्धा चोळत बसायचं. मिरे-जिरं कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "थंडी बाधू नये म्हणून." तंजावुरात थंडी मी तरी अजून पाहिलेली नाही.

इथं तेलाच्या न्हाण्याचे वार ठरलेले आहेत. पुरुषांचे बुधवार आणि शनिवार, बायकांचे मंगळवार आणि शुक्रवार. मी साताऱ्याची. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला वाटलं, हे वार माणसांपुरते असतील. पंचनदरावांनी तो गैरसमज दूर केला. सायकल पुरुषानं चालवायची, तेव्हा तिचा शनिवार. शिवणयंत्र त्यांच्या वारलेल्या बायकोचं, म्हणून त्याचा शुक्रवार. फाटकाच्या बिजागऱ्यांचा निर्णय मात्र बरेच दिवस अडला होता. शेवटी फाटक बायकाच जास्त वाजवतात असं ठरवून त्यांना मंगळवार देण्यात आला.

"आधी तेल, मग बोल," हे त्यांचं ब्रीद. कुणाचं डोकं दुखो, नळ गळो, नाहीतर कुणाचा पोरगा गणितात नापास होवो, औषध एकच. ते जवळच्या पापनाशम गावी एका कचेरीत कारकून होते, सकाळच्या पॅसेंजरनं जायचे. तिथं नवे साहेब रुजू झाले त्या दिवशी यांनी आदरापोटी त्यांच्या फिरत्या खुर्चीला तेल पाजलं. साहेब ऐटीत बसले ते गर्रकन फिरून भिंतीकडे तोंड करूनच थांबले. "दोष खुर्चीचा," पंचनदराव मला सांगत होते, "तीस सवय नव्हती तेलाची."

माझे यजमान आणि ते बालमित्र, म्हणून मी त्यांना भावजी म्हणायची. त्यांच्या घराण्यात मराठी भोसल्यांच्या काळापासून चालत आलेलं, माझं साताऱ्याहून ताजं आणलेलं. मला त्यांचं शिळं वाटायचं, त्यांना माझं उर्मट. आमचं चांगलं जमायचं.

भावजी सोवळ्याचे कडक. चामडं त्यांनी जन्मात अंगाला लावलं नव्हतं. पायात रबरी चपला, मनगटावरच्या घड्याळाला नायलॉनचा पट्टा. आणि अशा माणसाच्या घरात एके दिवशी चामड्याचे बूट आले. नुसते बूट नव्हेत, पुढे पोलादी टोप असलेले, घोट्याच्या वर येणारे, काळेकुट्ट, दगडासारखे टणक.

ते जानकीचे होते. जानकी त्यांची एकुलती एक. आई गेली तेव्हा पोर चालायला लागली होती इतकंच. शुक्रवारी तिचं डोकं भावजीच चोळायचे, वेणीही तेच घालायचे, आणि वेणी इतकी घट्ट की पोरीच्या भुवया वर गेलेल्या असायच्या. पुढे तिनं पॉलिटेक्निकला मेकॅनिकल घेतलं. परदेशी कंपन्या येण्याचे ते दिवस, पेपर उघडला की नवा कारखाना. मद्रासबाहेर निघालेल्या अशाच एका कारखान्यानं जानकीला निवडलं, बूट हातात दिले आणि महिन्याभरानं रुजू व्हायला सांगितलं.

बाकी नातेवाईक म्हणाले, पोरीच्या जातीला हे कशाला, लग्न करून टाका. भावजी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. सोवळ्यातला माणूस, तो कसला पाठवतोय, असं सगळी गल्ली धरून चालली होती. मीही.

जानकी बूट घालून घरात दोन दिवस वावरली आणि तिसऱ्या दिवशी लंगडत माझ्या स्वयंपाकघरात आली. दोन्ही टाचा सोलून निघालेल्या. "काकू, मी नाही जात," म्हणाली. "तिथं दिवसभर उभं राहावं लागतं. बूट काढला की गेटाबाहेर. पहिले सहा महिने कच्ची नोकरी, पाय टिकले नाहीत तर परत पाठवतील." आणि रडायला लागली. नोकरी तिला जिवापाड हवी होती. मी हळद लावली, दुसरं काय करणार.

भावजींनी हे ऐकलं आणि वाटी चुलीवर ठेवली. बुटांना तेल द्यायचं ठरलं. आता वार कोणता? पोलादी टोप, कारखान्याचं काम, म्हणजे शनिवार म्हणावा, पण घालणार जानकी. बऱ्याच विचारांती शुक्रवार. त्या शुक्रवारी त्यांनी अंगणात पाट मांडून बुटांना यथासांग न्हाऊ घातलं. तेल चोळलं, मुरू दिलं, मग शिकेकाई लावून कढत पाण्यानं धुतले आणि वाळायला गच्चीवर ठेवले. वर तंजावूरचं चैत्रातलं ऊन.

संध्याकाळी बूट खाली आणले तेव्हा ते वाजत होते. आधी निदान वाकत तरी होते, आता उन्हात वाळलेल्या सांडग्यासारखे कडकडीत. जानकी आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी घरात राहावी म्हणून हा सगळा खटाटोप, असं माझ्या मनानं घेतलं. दोन घरांमधल्या कठड्यावरून मी सरळ विचारलं, "भावजी, मुद्दाम केलंत ना?"

ते बूट मांडीवर घेऊन बसले होते, सोवळंबिवळं विसरून. म्हणाले, "वहिनी, अम्हांस काय हवं ते बोला, तेलावर आळ घेऊ नका."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीनं जे पाहिलं ते सांगितलं तर खोटं वाटेल. कपाळाला गंध, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, खाली वेष्टी, म्हणजे इथलं पांढरं धोतर, आणि वेष्टीखाली ते बूट. पाण्याचा नाद सोडून आता नुसतं तेल, आणि चामडं वाकवायला स्वतःचे पाय. बाप-लेकीची पावलं एकाच मापाची, ती लाज जानकीला लहानपणापासून होती, ती अशी कामाला आली. सकाळी स्टेशनपर्यंत बूट, संध्याकाळी मोठ्या देवळाच्या खंदकाभोवती बूट. आत जायची सोय नाही, म्हणून बाहेरूनच नंदीला हात जोडायचे. मिरे-जिऱ्याच्या वासानं गल्लीतली कुत्री मागून चालायची. टाउन बसच्या कंडक्टरनं अदबीनं विचारलं, "मिलिट्रीया, सार?" भावजींनी त्याला नाही म्हटलं नाही. घरी आले की चामड्याच्या विटाळाची आंघोळ, म्हणजे सकाळची धरून दिवसातून तीनदा. नाक सतत वाहत होतं.

त्यात त्यांची चाल बिघडली. उजवा पाय बाहेर फेकायचा, डाव्याच्या कडेवर भार द्यायचा. फोड आले असणार, असं समजून मी रस्त्यात अडवलं. "पुरे करा आता भावजी. पाय तुटून हातात येतील."

"पायास काही नाही झालं," ते म्हणाले. "जानकी अशी चालते. तिची आईही अशीच चालायची. बूट माझ्या चालीनं वाकला तर तीस चावणारच की."

"तुम्हाला काय माहीत ती कशी चालते? पाठीमागून चालता का तिच्या?"

"तिण्णईवर बसलेलो असतो," ते म्हणाले. तिण्णई म्हणजे दारातला ओटा. "आत ती चालते ते ऐकू येतं. इतकी वर्षं दुसरं काय ऐकलंय मी?" आणि पाय फेकत, कुत्र्यांना घेऊन पुढे गेले.

जायच्या आदल्या दिवशी जानकीनं बूट घातले. अंगणात चालली, जिना चढली, उतरली, मग नुसतीच उभी राहिली. "अप्पा, हे माझेच आहेत ना?" म्हणाली. भावजी तेलाची बाटली तिच्या पेटीत कपड्यांखाली कोंबत होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

ती गेली. पहिल्या रविवारी तिचा फोन आमच्याकडे आला, कारण गल्लीत फोन आमचाच. भावजी धावत आले. रिसीव्हर हातभर लांब धरून ओरडले, "बूट चावतात का?" त्यांना दुसरं विचारायचंच नव्हतं. पलीकडचं मलाही स्पष्ट ऐकू येत होतं. बरोबरच्या मुलींच्या टाचा फुटल्यात, दोघी घरी परतल्या, मला मात्र पायात बूट आहेत हेच आठवत नाही अप्पा, सुपरवायझरनं सगळ्यांना माझे बूट दाखवले. मग म्हणाली, दिवाळीला सुट्टी नाही म्हणतात, पोंगलचं बघू. "सरि, सरि," असं तमिळमध्ये बरं-बरं म्हणत भावजींनी फोन ठेवला. बूथवर पैसे पडतात ना पोरीचे.

मी कॉफी पुढे केली आणि बसले. आता तेलाचं गुणगान तासभर चालणार, अशी माझी तयारी होती. पण ते कॉफी टंबलरातून वाटीत, वाटीतून टंबलरात ओतत बसले.

"काय झालं भावजी? जिंकलात की तुम्ही."

"टाचेपाशी चुकलं, वहिनी."

"काय चुकलं? ती तर म्हणते, लोण्यासारखे झालेत."

"होय, तेच. टाचेपाशी जरा कडक ठेवायला हवे होते." त्यांनी टंबलर खाली ठेवला आणि धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. "तेल लावून घ्यायला तरी आली असती."