फोटो मोठा करण्याची रीतसर पद्धत

कलावंताची प्रगती मोजण्याचं भरवशाचं माप एकच आहे: त्याचं काम घरच्यांना किती कमी कळतं. या मापाने पाहिलं तर आईच्या धाकट्याने सात वर्षांत मारलेली मजल थक्क करणारी आहे.

सुरुवात मात्र मामुली होती. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांना फोटोचा भारी कंटाळा. कॅमेरा दिसला की नेमकं बाहेर काम निघायचं. त्यामुळे मागे राहिला तो ऑफिसच्या ओळखपत्रावरचा एकुलता एक फोटो, अंगठ्याएवढा. आईने तो विम्याच्या पाकिटातून काढून धाकट्याच्या हातावर ठेवला.

"तू फोटोग्राफी शिकलायस ना? मग एवढा मोठा करून दे बाबा. भिंतीवर लावते. खरं सांगू? चेहरा विसरायला लागलेय मी त्यांचा. भीती वाटते रे."

"आठवड्यात देतो," धाकटा म्हणाला. (कलेच्या क्षेत्रात आठवडा ही लवचिक संज्ञा आहे.)

त्याने न्हाणीघराची अंधारखोली केली. घरची मंडळी चार महिने शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेली, पण फोटो झाला. दोरीवर वाळत घातलेला कागद आईने पाहिला आणि तिचा हात तोंडावर गेला. "अगंबाई! अगदी समोर उभे आहेत!"

धाकट्याचं तोंड उतरलं. कलाशाळेतल्या सरांनीही नेमका तोच दोष काढला. "माणूस स्पष्ट दिसतोय," ते म्हणाले, "पण यात तू कुठेयस?" प्रश्न बिनतोड होता. फोटोत नुसते वडीलच होते. आई भाजी आणायला गेल्यावर त्याने फोटोचे आणि निगेटिव्हचे तुकडे केले.

दुसरा टप्पा छापचित्रांचा. यात चेहरा तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचा, पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा, शाई भरायची आणि ओल्या कागदावर दाबून छाप घ्यायचे. सरांच्या सल्ल्यावरून धाकट्याने शाई एकदाच भरली आणि नऊ छाप काढले. पहिल्यात नाकडोळे होते, चौथ्यापर्यंत भुवया तग धरून होत्या, नवव्यात कागद फार उत्तम प्रतीचा होता.

"नऊ कशाला रे?" आई म्हणाली. "माणूस एकच होता. तो पहिला तेवढा मला दे."

"संच फोडता येत नाही, आई."

शिवाय छाप पुरे झाले की पत्र्यावर ओरखडे काढून तो बाद करावा, म्हणजे कोणी दहावा काढू नये, असा या कामातला दंडक आहे. धाकटा शिस्तीचा पक्का. त्याने दाभण घेतलं आणि वडिलांच्या चेहऱ्यावर या कानापासून त्या कानापर्यंत फुली मारली.

तिसरा टप्पा मिश्रमाध्यम. याची व्याख्या सोपी आहे: घरात जे सापडेनासं होतं, ते चित्रात असतं. आईची चहाची गाळणी, अर्धा पडदा, वडिलांचा सदरा, थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचा एक्स-रे (डॉक्टरांना तो अजून हवा आहे) आणि नऊच्या नऊ छापांच्या चिंध्या, असा सगळा ऐवज त्याने फळीवर चिकटवून वर गंजाचं पाणी शिंपडलं. सरांनी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. "छान. पण यात अस्सल काय आहे?"

अस्सल आता एकच वस्तू उरली होती. धाकट्याने अंगठ्याएवढा मूळ फोटो फळीच्या मधोमध डकवला आणि वर दीड किलो वितळलेलं मेण ओतलं. (मेणातून आरपार दिसतं, अशी त्याची समजूत होती. पातळ थराच्या बाबतीत ती बरोबर आहे.)

चित्राला 'अनुपस्थिती क्रमांक चार' असं नाव मिळालं आणि ते प्रदर्शनात लागलं. दोनशे बारा लोक आले. चित्रासमोर ते सरासरी चार सेकंद थांबले, शेजारी लावलेल्या माहितीसमोर एक मिनिट दहा सेकंद. एकशे नव्वद जणांनी मान डोलावली. (उरलेल्यांपैकी बहुतेकांना पाणी कुठे मिळेल, हे विचारायचं होतं.) आई पाऊण तास उभी होती. चष्मा तिने दोनदा पुसला.

"यात हे कुठेत रे?"

"आई, अगं ते नाहीत, हेच तर चित्र आहे."

"ते नाहीत हे मला ठाऊक आहे. म्हणून तर फोटो दिला होता."

मग तिने नखाने मेण खरवडायला सुरुवात केली. रखवालदार धावत आला. "आजी, हात लावायचा नाही!"

"अहो, माझा नवरा आहे आत," आई म्हणाली आणि तिथेच रडायला लागली.

तोवर मेणावर चार ओरखडे उठले होते. परीक्षकांना नेमके तेच भावले. स्पर्शाची एवढी प्रामाणिक खूण गेल्या दहा वर्षांत कोणत्याही कलाकृतीत आढळली नव्हती, असं त्यांनी टिपणात नमूद केलं. चित्राला पहिलं पारितोषिक मिळालं. आता ते कुलूपबंद काचेच्या पेटीत आहे. कोणी पुन्हा हात लावू नये, अशी खबरदारी घेतलेली आहे. धाकट्याचं तर भलंच झालं.

वाचकांची गैरसोय होऊ नये म्हणून इथे सगळा तपशील दिला आहे: शाई किती वेळा भरली, मेण किती किलो, गुडघा कोणाचा. तुम्ही तो आवडीने वाचलात, एकदोनदा हसलातही. तो माणूस दिसायला कसा होता, हे मात्र तुम्हीही विचारलं नाहीत. आईला विचारा. जरा लवकर विचारा.