आक्काला सुकं गाव बघायचं होतं

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाची मला कायम भीती. चौथीनंतर शाळा सुटली, मग पेन हातात आलं ते रेशनच्या दुकानात सही करण्यापुरतं. चुकेल तिथे समजून घ्या. पण आमच्या आक्काबद्दल लिहायलाच हवं. ती स्वतः कधी लिहिणार नाही. बोलण्यातून तिला वेळच मिळत नाही.

आमच्या वाडीत लोक दोरीवर कपडे वाळत घालतात. आक्का नोटा वाळत घालते.

ती मासळीबाजारात बसते. खाली ओली फरशी, पुढ्यात बर्फ, आणि पैसे कमरेला खोचलेले. दुपारी घरी येईपर्यंत नोटा पालेभाजीसारख्या मलूल झालेल्या असतात. मग ती हात धुते आणि एकेक नोट चिमटा लावून दोरीवर टांगते. वारा असला तर काठी घेऊन खाली राखण बसते. कुणी हसलं तर म्हणते, "ओली नोट बगून दुकानदार नाक मुरडता. सुकी बगून नमस्कार करता."

आक्का माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा तापाने गेला. ती माहेरी परत आली आणि डोक्यावर पाटी घेतली. आई-वडील आधीच गेलेले, आणि हे तेव्हा लहान. त्यांना तिनेच वाढवलं. घरात तिची खोली समुद्राच्या अंगाची. भरतीला लाट भिंतीला लागते की काय असं वाटतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा चारचौघांत माझं तोंड उघडत नसे. अजूनही फारसं उघडत नाही. आक्काने ते काम आपल्याकडे घेतलं. एस्टीत चढलो की ती आधी ओरडते, "हिका खिडकी होयी." कापडाच्या दुकानात, "हिका पिवळो रंग आवडत नाय." मला पिवळा आवडतो की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही.

तर एका संध्याकाळी ती बांगडे साफ करत होती आणि आमची लेक तन्वी मोबाइलवर काही बघत होती. वाळूच वाळू. आक्काची सुरी थांबली.

"ह्या खंयचा गो?"

"राजस्थान, आते. वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान."

"थंय समुद्र खंय आसा?"

"नाय. शेकडो मैल नाय."

"नदी?"

"नाय."

"चिखल तरी?"

"चिखल पण नाय."

आक्का उठली, हात धुतले आणि ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बाबल्या, माका थंय घेवन चल."

का, ते ती रोज वेगळं सांगायची. एकदा म्हणाली, पायांच्या बोटांमधल्या चिखल्या जातील. एकदा म्हणाली, पाणी न पिता जगणारी जनावरं बघायची आहेत, कारण आमची मांजर पाणीसुद्धा फ्रिजमधलं मागते. ह्यांनी विचारलं, "आक्का, खरा सांग. कित्या?" तर म्हणाली, "सुक्या गावात कसा वाटता ता बगूचा आसा. बस."

वेळ ठरलेली होती. जूनमध्ये मासेमारीची बंदी लागते, होड्या वर ओढतात, तेव्हाच आक्का मोकळी. आणि त्याच बंदीनंतर हे आमची मासळीची व्हॅन विकणार होते. म्हणजे ह्या जूनमध्ये नाही, तर आक्का पुन्हा कधीच नाही. तिचे गुडघे आगगाडीची शिडी चढत नाहीत.

"जूनात थंय माणूस वाळान जाता," हे म्हणाले.

"मगे बरा. इतकी वर्सां भिजलंय, वायच वाळूंदे."

बेत सुरू झाला. आधी कच्छात रानगाढवांचं अभयारण्य, मग राजस्थानातलं उद्यान. तन्वी मोबाइलवर वाचून दाखवायची आणि आक्का प्रत्येक गोष्टीचा दर पाडायची. उद्यानाजवळ राहण्याची सोय करणाऱ्या माणसाला तिने फोन लावला.

"भय्या, जनावर दिखेगा ना?"

"माताजी, किस्मत की बात है."

"नाय दिखेगा तो आधा पैसा."

"ऐसा नहीं होता माताजी."

"कैसा नहीं होता? हमारा मच्छी ताजा नाय निकला तो हम पैसा वापस देता. तुम्हारा जनावर निकलाच नाय तो तुम कैसा रखेगा?"

त्या माणसाने दोनदा नाही म्हटलं. शेवटी चहा फुकट द्यायला तयार झाला.

तन्वीने माळढोक पक्ष्याची गोष्ट सांगितली. उंच, भारदस्त पक्षी, आता अगदी थोडे उरलेत. आक्का गंभीर झाली. "थोडेच रवले? मगे दर चढलो आसतलो."

मग तालीम. ऊन सोसतं का हे बघायला तिने आम्हा सगळ्यांना भर दुपारी किनाऱ्यावर नेलं आणि जिथे ती खारे मासे सुकत घालते तिथेच ओळीने बसवलं. एकेक छत्री, एकेक बाटली. वाटेने जाणाऱ्या शेजारणीने विचारलं, "काय गो आक्का, आज माणसां सुकत घातलंस?"

"होय. आता दुसऱ्या अंगाक परततंय."

सगळं ठरलं आणि टायरांवर अडलं. चारही गुळगुळीत झालेले. हे म्हणाले, विकायच्या गाडीला नवे टायर कोण घालतं? बेत रद्द. आक्का काही बोलली नाही. त्या रात्री ती जेवतानाही बोलली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आमसुलं विकून साठवलेले माझे पैसे तांदळाच्या डब्यात होते. सकाळी मी ते नेऊन तिच्या पुढ्यात ठेवले.

"ह्या काय?"

"टायर," मी म्हटलं.

"उसने घेतंय. नायतर नको."

"घरातलेच आसत, आक्का."

"उसनेच. माका फुकटचा सुख लागत नाय."

ह्यांनी व्हॅनमध्ये मासळी आणायची नाही अशी अट घातली. मी साबणाने, लिंबाने, चिंचेने गाडी धुतली. आक्काने मान डोलावली, आणि आम्ही निघालो.

वाटेबद्दल लिहायला बसले तर पानं संपतील. रानगाढवं कळपाने पळताना बघून आक्का म्हणाली, "कोण वझा घालूक नाय, म्हणान केवढी तुकतुकीत." दुसऱ्या दिवशी आम्ही वाळवंटात पोचलो. खरंच समुद्र नव्हता. आक्का गाडीतून उतरली, चपला काढल्या, पोळल्यावर परत घातल्या आणि म्हणाली, "बरा आसा."

संध्याकाळी उद्यानाच्या कडेला पहारेकरी सांगत होता की इथे कोल्हा असतो, पण लाजाळू, दिसत नाही. एवढ्यात झुडपामागून एक बारकासा कोल्हा आला आणि सरळ आमच्या व्हॅनकडे बघत उभा राहिला. नाक वर. पहारेकरी थक्क. "इतने पास कभी नहीं आता."

हे हळूच वळले. "आक्का, सीटखाली काय आसा?"

"वायच सुकट. वाट लांब म्हणान घेतलंय."

पहारेकऱ्याने बजावलं, जनावराला काही खायला घालायचं नाही. आक्काने सुकटीचा डबा घट्ट लावला आणि कोल्ह्याला समजावलं, "जा रे बाबा. बंदी आसा."

माळढोक बघायची जीप दुसऱ्या दिवशी पहाटेची होती, पैसे आधीच भरलेले. आक्काला उठवावं लागेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. घरी ती तीनच्या आत उठलेली असते. मी उठले तर ह्यांची बाज रिकामी, हे बाहेर. आक्का अंगणातल्या बाजेवर झोपलेली. तोंड उघडं, एक हात खाली लोंबणारा.

जीपवाल्याने हॉर्न वाजवायला हात नेला. ह्यांनी त्याचा हात धरला.

"पैशे बुडतले," मी कुजबुजले.

"बुडांदे."

जीप गेली. ऊन वर आलं. हे चादर घेऊन बाजेच्या उशाशी उभे राहिले, तोंडावर सावली पडेल अशी धरून. दमले की तन्वी धरायची, मग मी. आक्का झोपूनच होती.

उठली तेव्हा तिला आपण कुठे आहोत ते आधी कळेना. मग बसून राहिली.

"बाबल्या," ती म्हणाली, "रातभर एक पण होडी येवक नाय रे."

"हयसर होडी खंयसून येतली?"

"ताच. घराक निजतंय तेवा एक कान दर्यावर आसता, बंदीत सुदीक. इंजिनाचो आवाज इलो की कोणाची होडी ता कळता. लिलावाक उशीर झालो की बरी मासळी दुसरी बाई उचलता. तू पाच वर्सांचो होतंस, तेवापासून तसाच." जरा थांबून म्हणाली, "आज दोनय कान निजले."

ह्यांनी चादरीची घडी घातली. एवढीशी चादर, पण घडी घालायला त्यांना फार वेळ लागला.

मग आक्काला जीपची आठवण झाली आणि ती जीपवाल्याशी भांडायला गेली. त्याच पैशांत त्याने संध्याकाळी नेलं. खूप लांब, गवतातून एक मान वर आली, इकडे तिकडे बघितलं, खाली गेली. "अर्दोच दिसलो," आक्का म्हणाली, पण पैसे मागितले नाहीत.

बंदी उठली. ह्यांनी व्हॅन विकली नाही. नवे टायर वाया जातील म्हणाले. त्यांनी आक्काची बाज मागच्या, माडांच्या अंगाच्या खोलीत हलवली. आठवड्यातून तीन पहाटे आता लिलावाला हे जातात. आक्का उजाडल्यावर उठते, पाटीत बघते आणि म्हणते, "बांगडे म्हाग घेतलंस." मग स्वतःच चहा करून त्यांच्यापुढे ठेवते.

माझे पैसे ती थोडेथोडे देत आली. दोरीवरून काढून, हाताने सपाट करून. काल दुपारी मी अंगणात आमसुलं पसरत होते. आक्का आली आणि उरलेल्या नोटा माझ्या हातावर ठेवल्या. कडक, सुक्या, उन्हाने गरम.

"फिटले मां सगळे?"

"फिटले, आक्का."

तिने मान हलवली आणि झोपायला आत गेली. दोरीवर नुसते चिमटे राहिले होते.