लेओन्तीनबाईंचे रांजण

सासूबाईंचे पिवळ्या झिलईच्या गळ्याचे तीन रांजण तळघरातल्या वाळूतून उपसून सिल्वेतनं अंगणात मांडले, बुडाला भोकं पाडली आणि त्यांत जिरेनियम लावले. त्या दिवशी तिचा नवरा गास्तों दोन घास कमीच जेवला.

"आईच्या बदकांचे रांजण ते! तिला आवडायचं नाही."

"मग जा, विचारून ये तिला," सिल्वेत म्हणाली. लेओन्तीनबाई ईस्टरलाच वारल्या होत्या.

मिठात मुरवून चरबीत शिजवलेलं बदक हिवाळाभर अशा रांजणांत ठेवायचं, ही गावची रीत. लेओन्तीनबाई तळघराची किल्ली कमरेला लावून फिरायच्या, सुनेला एक पायरीसुद्धा उतरू द्यायच्या नाहीत. त्यांनी बशीतून वर आणलेली तंगडी खाताना गास्तों दर वेळी म्हणायचा, "आईच्या हाताची सर कुणाला नाही." या एका वाक्याखाली सिल्वेतचा उभा जन्म गेला होता. आता तरी चूल आपली व्हावी, एवढंच तिचं मागणं होतं.

जुलैचं ऊन तापलं आणि जिरेनियमनी माना टाकल्या. मग रांजणांच्या झिलई नसलेल्या उघड्या मातीवरून थेंब ओघळू लागले. शेजारच्या मादाम फुर्कादनी कुंपणावरून पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला.

"लेओन्तीन रडतेय गं पोरी!"

भरदुपारी, घरात नुसते टोमॅटो चिरलेले असताना, अंगणात बदक शिजल्याचा वास दरवळला. पाठोपाठ गावातली मांजरं आली. भांडली नाहीत, ओरडली नाहीत. रांजणांभोवती गोल करून बसली आणि आत कुणीतरी बोलत असावं तशी कान टवकारून राहिली. सिल्वेतच्याही अंगावर काटा आला. गास्तोंनं फावडं उचललं.

"रांजण परत वाळूत. आणि स्वयंपाक आई करायची तस्साच. तुझी ढवळाढवळ नको."

इथं मात्र सिल्वेतचं डोकं फिरलं.

"अरे खुळ्या, वर्षानुवर्षं चरबी प्यालेली माती उन्हानं पाझरतेय! तुझी आई कसली रडते, तिनं लोकांना रडवलं!" तिनं एक थेंब बोटावर घेतला आणि दोघांदेखत चाटला. "बदक! खारट, झकास बदक!"

गास्तों ओशाळला आणि हसला. मादाम फुर्काद हसल्या नाहीत.

"तिनं शपथ घातली होती, पण आता सांगते. या रांजणांना बदक कधी शिवलंच नाही. तिच्या लग्नात कोरे आले, कोरेच वाळूत पुरले. तिला बदक जमायचंच नाही. शहरातून बदकाचे सीलबंद डबे आणून द्यायची मी, अन् तळघरात बसून उघडायची ती."

गास्तोंनं फावडं भिंतीला टेकवलं. "म्हणजे आईच्या हातचं..."

"डब्यातलं रे, बाबा."

तो बायकोकडे वळला. "सिल्वेत, आजपासून चूल तुझी. तू करशील ते मी मुकाट खाईन."

हेच ऐकायला ती जन्मभर थांबली होती.  पण जिभेवरची ती खारट चव गिळावी की थुंकावी हे तिला कळत नव्हतं, आणि मांजरं आता रांजण सोडून तिच्याभोवती गोल करून बसली होती.