कृष्णाबाईंचा पहिला नंबर

"काय पन कर, पन माजा आकडा जाता कामा नये," असं बजावून कृष्णाबाई खंडेनवमीच्या सकाळी भावाकडे करंज्याला गेल्या. शैलेशने छातीठोकपणे सांगितलं होतं, की नव्या मशीनवर सगळं जसंच्या तसं येईल.

हा आकडा म्हणजे विटा रचायच्या जुन्या व्हिडिओ गेममधला कृष्णाबाईंचा सहा आकडी स्कोअर. गुडघ्यांनी मासळीची टोपली सोडायला लावली, तेव्हा आईचा वेळ जावा म्हणून शैलेशने आपल्या लहानपणचे खेळ जुन्या कॉम्प्युटरवर घालून टीव्हीला जोडून दिले होते. त्यात बाई अशा रमल्या, की गेल्या दिवाळीत यादीच्या डोक्यावर जाऊन बसल्या. नाव तीनच अक्षरांत मावायचं, म्हणून त्यांनी 'ए ए आय', म्हणजे आई, असं टाकलं होतं. रोडपालीच्या त्या घरात आल्यागेल्याला चहाच्या आधी आकडा दाखवला जायचा.

पण कॉम्प्युटर आता धापा टाकत होता. शैलेशने पत्त्यांच्या कॅटाएवढं नवं मशीन आणलं, सगळे खेळ पेनड्राइव्हवर घेतले आणि नव्यावर चढवले. विटांचा खेळ उघडला, ओळखीची धून वाजली. एवढ्या पुराव्यावर भल्या माणसाने जुनी डिस्क साफ पुसली आणि तो डबा पनवेलच्या परेश भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवला. मग निवांत बसून स्कोअरची यादी उघडली, तर ती कोरी. खेळ एका फोल्डरमध्ये असतात आणि आकडे दुसऱ्याच, हे ज्ञान त्याला तेव्हा झालं.

"आता?" बायको मनस्वीने विचारलं.

"आता खेळायचं. आईचं नाव टाकून."

पण जॉयस्टिक देवापुढे होती. निघण्यापूर्वी कृष्णाबाईंनी मासळीचा कोयता, तराजू आणि जॉयस्टिक एकाच पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं होतं, आणि खंडेनवमीला पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत कुणी उचलत नाही. मनस्वी म्हणाली, उचलून परत ठेवू, कुणाला कळणार आहे. शैलेशचा हात पुढे गेला आणि कोयत्याकडे बघून मागे आला.

मग तो कीबोर्ड घेऊन बसला. द्रोणागिरीच्या यार्डात दिवसभर कंटेनरवर कंटेनर रचून घेणाऱ्या माणसाला चार विटा जमेनात. मनस्वी मदतीला बसली, तसा खेळ आणखी लवकर संपायला लागला. दिवेलागणीपर्यंत यादीत पहिला नंबर 'ए ए आय'चा झाला खरा, पण तेवढा आकडा आईने डोळे मिटून काढला असता.

दसऱ्याला कृष्णाबाई परतल्या, पूजा उतरवली आणि जॉयस्टिकची हळद पदराने पुसली. शैलेश खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या रंभाबाई सोनं द्यायला दारात आल्या. दोघी बाजारात शेजारी बसायच्या आणि हा खेळही शेजारी बसूनच शिकल्या होत्या. पण गेल्या दिवाळीपासून रंभाबाईंना जिना चढवत नव्हता. इमारतीला लिफ्ट होती.

आपट्याची पानं देऊन त्या दारातूनच परत फिरणार, इतक्यात कृष्णाबाईंनी सवयीने टीव्ही लावला आणि यादी समोर आली. शैलेशने मान खाली घातली.

रंभाबाई चष्मा सावरत आत आल्या. "ह्यो तुजा आकडा? येवडाच?"

कृष्णाबाईंनी आकड्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "येवडाच," त्या शांतपणे म्हणाल्या. "बस. मनस्वी चाय ठेवतंय."

रंभाबाई बसल्या त्या जेवायलाही उठेनात. दुसऱ्याच डावात पहिला नंबर त्यांनी पटकावला. कृष्णाबाई हरल्या आणि तोंडभर हसल्या. आई वर्षभर त्या आकड्यासमोर एकटीच बसून होती, हे शैलेशला आता कुठे कळलं आणि त्याला फार वाईट वाटलं.

रंभाबाई गेल्यावर तो म्हणाला, "आई, तुझा खरा आकडा माझ्याकडून पुसला गेला गं."

"ठावं हाय," कृष्णाबाई जॉयस्टिक फडक्यात गुंडाळत म्हणाल्या. "फुडच्या दसऱ्याला पन नवं मशीन आन."