मास्तरांनी फळीचे माप घेतले, त्याची हकीकत

हकीकत ऐसी जे, मुलखात स्वस्थता होती, शिवणयंत्रे दोन चालत होती, गिऱ्हाईक वेळेवर कपडे मागत होते व वेळेवर मिळत नव्हते, म्हणजे राज्य सुरळीत होते. ऐशा समयी, चौकातील शिंपीकामाच्या दुकानाच्या निम्म्या धनीण, काजबटण प्रांताच्या मुखत्यार, बाईसाहेब, उमर त्रेचाळीस, यांचे चित्तात आले की लग्नापूर्वी पदवीचे दुसरे वर्ष अर्धे टाकोन आपण यंत्रावर बसलो, तो मुलूख पुन्हा काबीज करावा. आणि मग कोणास न विचारता कॉलेजात जाऊन फॉर्म भरून आल्या, आणि पावती इस्त्रीखाली ठेवून तिसरे दिवशी यजमानांस दाखविली.

यजमान म्हणजे दुकानाचे दुसरे निम्मे धनी, टेपबहाद्दर, कातरजंग, सर्वत्र ‘मास्तर’ या किताबाने मशहूर. त्यांनी पावती दोनदा वाचली आणि “बरं” इतकेच बोलले. बरं म्हणण्याचे कारण हे की ऐशीच स्वारी पूर्वी एकदा, कन्या पहिलीत असता, जाहली होती, आणि तिसरे दिवशी बाईसाहेब मागे फिरल्या होत्या. सबब पुसता “जमत नाही” ऐसे सांगितले, अधिक काही सांगितले नाही. मनात मात्र पक्के धरले की सर्व वर्ग लिहितो आणि आपलेच लिहिणे मागे पडते, त्या अर्थी आपली बुद्धीच मंद. चौदा वर्षे हे शल्य बाळगोन त्या दुसऱ्यांच्या कॉलरी ताठ करीत राहिल्या. आता या खेपेसही माघार जाहली तर तिसऱ्यांदा आपण निघणे नाही, हे त्यांस ठाऊक होते, आणि मास्तरांसही ठाऊक होते, आणि दोघे एकमेकांस बोलले नाहीत.

मानसशास्त्राचे प्राध्यापक यांचे फर्मान आधीच फळ्यावर लागले होते की छापील नोट्स कोणास मिळणार नाहीत, जो लिहील तोच वाचील, आणि सांगितलेले दुसऱ्यांदा सांगितले जाणार नाही. तस्मात् सर्व मोहीम एका वहीवर येऊन ठेपली.

रविवारी दुकान बंद ठेवोन कापडे बेतण्याच्या मेजावर खलबत बसले. कन्या, जी त्याच कॉलेजात वरच्या वर्गात होती, तिने अर्ज केला की, “आई, वही कसली घेतेस? फोनवर रेकॉर्ड कर ना.” त्यावर बाईसाहेबांचा हुकूम जाहला की, “तासभर ऐकलेलं पुन्हा ऐकायला दुसरा तास कोण देणार? तू देणार?” कन्येने अर्ज मागे घेतला.

मग आकाराचा वाद उपस्थित जाहला. कन्येचे मत फुलस्केपास, कारण सर्व तीच वापरतात. बाईसाहेबांचे मत पर्सेत मावणाऱ्या वहीस, कारण या वयात वर्गात शिरताना हातात वही दिसू नये. कन्या म्हणाली, “दिसायचं काय त्यात? तू चोरी करायला जात्येस का?” आणि पुढे खबर दिली की वर्गात बाके नाहीत, खुर्च्या आहेत, आणि खुर्चीस लिहिण्यापुरती एक फळी जोडलेली असते, “तीवर तुझा डबासुद्धा मावणार नाही.” हे ऐकोन मास्तर, जे तोवर स्वस्थ होते, ते उठले, आणि माप घेतल्याशिवाय या घरात काही कापले जात नाही व काही विकत आणले जात नाही, ऐसे जाहीर करोन टेप गळ्यात टाकिते जाहले.

सोमवारी सकाळी मास्तरांनी एकट्याने कूच केले. दरवाजावरील पहारेकऱ्याने अडविले, तेव्हा मास्तरांनी हिकमत केली की आपण पडद्यांचे माप घ्यावयास आलो. पहारेकऱ्याने परम संतोषाने वर्ग उघडून दिला, आणि “कधीचं सांगतोय यांना, ऊन थेट फळ्यावर येतं,” ऐसे म्हणोन शेजारी उभा राहिला. सबब मास्तरांस प्रथम तीन खिडक्या मापाव्या लागल्या. मग पहारेकऱ्याची पाठ वळताच त्यांनी फळी मापिली. एकीवर विश्वास न ठेवता चौदा खुर्च्यांच्या फळ्या मापिल्या. आणि दुकानातील मापाच्या चोपडीत, एका गिऱ्हाइकाच्या पँटीखाली, नेहमीच्या रकान्यांत नोंद केली: उंची अकरा, छाती नऊ, कंबर नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी वह्यांच्या दुकानावर उभयतांची चाल जाहली. तेथील किल्लेदार गल्लीत ‘पुठ्ठेकाका’ या नावे ओळखले जात. त्यांनी घोड्यांचे, धबधब्यांचे, सूर्यास्ताचे पुठ्ठे ओळीने मांडिले, आणि मास्तर एकेका वहीस टेप लावीत गेले. सातव्या वहीस पुठ्ठेकाकांचा धीर सुटला. “मास्तर, वही घेताय की वहीला शर्ट शिवताय?” मास्तरांनी पाव इंच कमी भरणारी, गुळगुळीत पातळ पुठ्ठ्याची, धबधब्याची वही निवडली. बाईसाहेब म्हणाल्या, “पुठ्ठा लवतोय हो.” मास्तर म्हणाले, “खाली फळी आहे ना. फळीला पाव इंच सोडलंय चारी बाजूंनी. याहून नेमकं बसणारं काही निघालं तर मी टेप खाली ठेवीन.” आणि मोठ्या दिमाखाने घरी परतले.

मंगळवारी तिसरे प्रहरी बाईसाहेब वर्गात दाखल जाहल्या. आता येथे एक गोष्ट लिहिणे प्राप्त आहे, जी सर्व घरास ठाऊक होती आणि खलबतात कोणी काढली नाही. बाईसाहेब डावखुऱ्या. त्यांची कात्री डाव्या हाताची, वेगळ्या खिळ्यास टांगलेली, आणि तीस दुसऱ्या कोणी हात लावल्यास घरात तंटा होत असे. आणि फळी, चौदाही खुर्च्यांची, उजव्या बाजूस.

वही फळीवर तंतोतंत बसली, मास्तरांच्या मापात दोराभर चूक नव्हती. मग बाईसाहेबांनी डावा हात पलीकडे टाकिला, कंबर पिळली, मान वाकविली, कोपर हवेत टांगून लिहू लागल्या. प्राध्यापक बोलत चालले. वही हाताखालून सरके, ती धरावी तो वाक्य निघून जाई. वही उचलून मांडीवर घ्यावी तर पुठ्ठा मध्येच दुमडे आणि गुळगुळीतपणे गुडघ्यावरून खाली उतरे. दोन वेळा खाली पडली. दुसऱ्या वेळेस मागच्या रांगेतून कोणी हसले. तास संपला तेव्हा साडेचार ओळी हाती लागल्या होत्या, त्यांतील अर्धी ओळ ही तारीख होती.

दुकानात परतोन बाईसाहेबांनी वही मेजावर ठेविली आणि फर्मावले, “उद्यापासून माझं जाणं नाही. शर्टांचं काम पडलंय.” मास्तरांनी वही उघडली. ओळी उतरणीवर घसरत गेलेल्या पाहिल्या. मग एक स्टूल पुढे ओढले, बाह्यांना इस्त्री करण्याची लाकडी फळी घेऊन स्टुलाच्या उजवीकडे हाताने धरली, आणि म्हणाले, “कशी बसलीस, दाखव.” बाईसाहेब बसल्या, पेन घेतले, डावा हात उचलला आणि कंबर पिळली.

मास्तरांनी इस्त्रीची फळी मेजावर ठेविली.

“फळीचं माप घेतलं,” म्हणाले, “गिऱ्हाइकाचं घेतलंच नाही.”

बाईसाहेब तशाच वळलेल्या बसून होत्या. “म्हणजे त्या वेळीसुद्धा…”

“त्या वेळी पण असल्याच खुर्च्या होत्या?”

“हो. लग्नाआधी बाकं होती.”

“मग दुसरं काय?”

तेव्हा बाईसाहेब सरळ जाहल्या. “चौदा वर्षं मी स्वतःला ढ समजत होते, आणि तुम्ही समोर बसून काजं करत होतात.”

“तू सांगितलं नाहीस.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

मग बाईसाहेबांनी टेप मास्तरांच्या गळ्यातून काढून त्यांच्याच हाती दिला आणि हुकूम केला, “घ्या माप. या खेपेस माझं.”

मास्तरांनी गुडघे टेकोन माप घेतले: बसती मांडी लांबी, रुंदी, कोपरापासून मनगट, मनगटापासून पेनाचे टोक. आणि निष्कर्ष ऐसा निघाला की रुंदी सहा, उंची साडेआठ, याहून मोठी वही मांडीवर राहणार नाही. वहीच्या बांधणीची तार डाव्या अंगास असू नये, कारण डाव्या तळव्यास बोचेल, ती माथ्यावर असावी. खालचा पुठ्ठा ऐसा असावा की फळीवाचून लिहिता यावे. मग दुकान बंद व्हायच्या आत उभयता पुठ्ठेकाकांवर पुन्हा चालून गेले.

“लिहिलेली वही बदलून मिळत नाही,” पुठ्ठेकाकांनी आधीच तटबंदी केली. पण बदलून नको, वेगळी हवी, हे कळताच शिडी लावली आणि वरच्या फळीवरून धूळ झाडीत एक गठ्ठा काढिला. “ही बातमीदार लोक न्यायचे. उभ्यानं लिहायचे ना ते. आता विचारत नाही कोणी.” बाईसाहेबांनी एक मांडीवर ठेवून आपले नाव लिहिले. सरळ लिहिले गेले.

“किती आहेत?” मास्तर म्हणाले.

“सात.”

“सातही द्या.”

राहिला प्रश्न घसरण्याचा, कारण पुठ्ठा जाड खरा पण गुळगुळीत. तेव्हा मास्तरांनी रात्रीचे जेवण होण्याआधी कॉलरीत घालतात तो खरबरीत बकरम कापिला, चारी बाजूंस माया, म्हणजे काठापुरते जादा कापड, सोडली, आणि इस्त्रीने दोन्ही पुठ्ठ्यांवर चिकटविला. रंग बाईसाहेबांच्या आज्ञेने राखाडी. कन्या पाहोन म्हणाली, “वही कुठली, ही तर कॉलर झाली.” बाईसाहेब म्हणाल्या, “असू दे. ताठ आहे.” आणि धबधब्याची वही धोब्याच्या हिशेबास लावोन दिली.

बुधवारी बाईसाहेब वर्गात गेल्या, फळी दुमडून खुर्चीच्या अंगास टाकिली, वही हातात सर्वांस दिसेल ऐशी मधल्या वाटेने नेली होती, ती मांडीवर घेतली, आणि प्राध्यापक बोलू लागले, आणि त्या लिहू लागल्या. पहिले पान गेले, उलटले, दुसरे गेले. प्राध्यापकांनी स्मरणाचे प्रकार सांगितले, विस्मरणाची कारणे सांगितली, एक उदाहरण अर्धे टाकून दुसरे धरले, आणि बाईसाहेब त्यांच्या पाठलागावरच होत्या. वही हलली नाही. शेजारच्या खुर्चीवर कन्येहूनही लहान एक मुलगी होती, तिचे पेन अडले, वाक्य निसटले, आणि ती वाकून हळूच म्हणाली, “काकू, शेवटचं काय म्हणाले हो?”

बाईसाहेबांनी मान वर केली नाही. “थांब जरा,” म्हणाल्या, “पुढचं बोलतायत. संपलं की माझं बघून घे.”

येणेप्रमाणे, बुधवारी, चार वाजण्यास सात मिनिटे असता, दुसऱ्या वर्षाचा मुलूख बाईसाहेबांचे अमलाखाली आला. पाने साडेतीन. खाडाखोड दोन ठिकाणी. माघार नाही.