गोजरबाईंचे छत्तीस तांबे

"बाई, हे पांढरं जसं आत गेलं तसं बाहेर आलं पाहिजे. तुमच्या सासूबाईले दोन-तीन दिवस पाणी पाजा, भरपूर पाजा. नाहीतर आतच बसते चुन्यासारखं!"

मलकापूरच्या एक्स-रेच्या खोलीबाहेर यंत्रवाले किसनराव आपला जाडजूड रबरी एप्रन सावरत सांगत होते, आणि सिंधू ऐकतच नव्हती. ती काय अडाणी होती? अमरावतीच्या कॉलेजातून बी. ए. झालेली! "हो हो, माहीत आहे," ती म्हणाली आणि दोन वर्षांच्या चिमीला पदरात गुंडाळू लागली. यंत्राचे किरण भिंतीतून येऊन लेकीला, पोटातल्या बाळाला बाधले तर? चिमीच्या कपाळाला ती दिवसातून दहा वेळा हात लावून बघायची. माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

मुंगी नाही सुटली. सासू सुटली!

सासूबाईंचं, म्हणजे गोजरबाईंचं पोट सहा महिने दुखत होतं. आत गोळा असेल, हे सगळ्यांच्या मनात; बोलत कोणीच नव्हतं. फोटोत आतडी दिसावीत म्हणून आधी बेरियम नावाचं पांढरं औषध प्यायचं होतं. गोजरबाईंनी अर्धा पेला संपवला आणि किसनरावांना विचारलं, "कोन्या म्हशीचं हो हे?"

दुसऱ्या दिवशी सिंधूचा नवरा इंद्रभान मलकापूरहून रिपोर्ट घेऊन पिंपळगावला परतला. गोळा नाही! काहीच नाही! सिंधूने ही बातमी अंगणातूनच ओरडून साऱ्या गल्लीला दिली. गोजरबाईंनी हात जोडले, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या. इथंच घात झाला, पण तो कळायला तीन दिवस लागले.

सिंधूला आता किसनरावांचं पाणी आठवलं. तिने पद्धतशीर योजना आखली. तासातासाला एक तांब्या, आणि प्रत्येक तांब्यामागे चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ! गोजरबाई मुकाट तांब्या घेत, "अंगनात हवा लागते वं" म्हणून बाहेर जात आणि पाच मिनिटांत रिकामा आणून देत. अशी गुणी सासू साऱ्या तालुक्यात नसेल!

पण पहिला दिवस गेला, दुसरा गेला, गोजरबाईंचा परसाकडचा डबा काही हलेना. घरात रामराम बंद झाला, जो तो "झालं का?" असंच विचारी. शेजारच्या वच्छलाबाईंनी एरंडेल आणलं, ते पोटात जाऊन नुसतं गुरगुरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गोजरबाईंचं पोट डफासारखं तणाणलं, ओठ सुकले, त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या.

सिंधू रेघा मोजत बसली. छत्तीस! छत्तीस तांबे पाणी या बाईच्या अंगात गेलं, मग गेलं कुठं? मूत्रपिंडं बंद पडली की काय? आपण नीट न ऐकता "हो हो" म्हटलं, त्या दोन शब्दांनी माणूस मारला, असं वाटून ती ढसाढसा रडू लागली.

तेवढ्यात चिमी आली. कोपरापर्यंत चिखलात!

पावसाळा सरून तीन महिने झालेले. चिखल कुठला? सिंधू अंगणात धावली. तुळस पिवळीजर्द पडलेली, बुडाशी डबकं साचलेलं आणि त्यात एक बेडूक चक्क पाहुण्यासारखा ऐसपैस बसलेला!

"आत्याबाई! पाणी तुम्ही प्यालात की तुळस?"

"मी कधी म्हटलं का पेलो म्हून? तांब्या रिकामा झाला, एवढंच म्हटलं."

"पण का हो?"

"नवस सांगत नसते. सांगतला तं मोडते."

अर्धा तास सिंधू त्यांच्या पायाशी बसून रडली, तेव्हा नवस बाहेर आला. फोटो साफ निघाला, तर माहेरच्या देवीपुढं नारळ फोडेपर्यंत पाण्याला तोंड लावणार नाही!

"मग तीन दिवस जगलात कशावर?"

"चहा पेतो ना! चहा काय पानी असते?"

"अहो, माहेर तर इथंच, नांदुऱ्याच्या वाटेवर! आत्ता निघू!"

"काऊन? बिनभावाची हाओ का मी? रामराव न्यायले येईन, तवाच जाईन."

साठाव्या वर्षी माहेरी न्यायला मुराळी! इंद्रभानने सायकल अशी पिटाळली की चेन दोनदा पडली. तासाभराने मागच्या कॅरिअरवर रामराव आले, अर्धी दाढी केलेले, अर्धी साबणात. "बाईचं पत्र भेटलं होतं. सोमवारी निघनारच होतो ना बे!" ते भाच्याला सांगत होते. मग त्यांनी रीतसर दारात उभं राहून म्हटलं, "बाई, तुले न्यायले आलो," आणि गोजरबाई पोट धरून, पण मानाने, बैलांच्या दमणीत बसल्या.

देवीपुढं नारळ फुटला. गोजरबाईंनी तांब्या तोंडाला लावला तो बूड दिसल्यावरच खाली ठेवला. दमणी तशीच नांदुऱ्याला, दवाखान्यात गेली. दोन दिवस एनिमा, तेल आणि पाणी! डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर केला असता, तर पोटाला चाकू लावावा लागला असता." रविवारी सकाळी जे व्हायचं ते झालं, आणि इंद्रभानने ती बातमी रिपोर्टापेक्षा मोठ्याने ओरडून दिली.

घरी परतताना दमणीत सिंधूने सासूचा हात घट्ट धरला. "आत्याबाई, आता पुन्हा असं करू नका हं."

गोजरबाईंनी हात सोडवून पदर डोक्यावर ओढला.

"आत्याबाई?"

"इतकं दुखत होतं वं माय. म्हटलं, यातून सुटलो, तर आखीन एक करीन."

"आखीन एक काय?"

"सांगतलं तं मोडते."

आता सिंधूला येत्या आठवड्यात दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी जायचं आहे आणि तिला झोप नाही. तेव्हा तिचं तुम्हाला एक मागणं आहे. नांदुऱ्याला उतरलात, तर पिंपळगावपर्यंत एवढी वाकडी वाट करा. चहाच्या निमित्ताने घरात शिरा. गोजरबाईंना काही विचारू नका, त्या खरंच सांगतील आणि तुम्ही फसाल. फक्त तुळशीच्या बुडाशी बोट घालून बघा. माती ओली लागली, तर सिंधूच्या माहेरी एक कार्ड टाका. रामरावांना आधीच दाढी करून ठेवायला सांगितलं आहे.