एरोच्या घशातला काटा

सबूर माशाचा काटा एरोच्या घशात आडवा बसला आणि उस्मानची बढती तिथंच अडकली.

आखातातल्या शुऐबा बंदराच्या कामावर फिनलंडहून एरो नावाचा मिस्त्री आला होता. त्याची भाषा कुणालाच कळेना. "मला येते, साहेब," असं स्टोअरकीपर उस्मान बोलून बसला. दुभाष्याची जागा मिळणार होती. खात्री करायला आज फोरमनसाहेब एरोला घेऊन उस्मानच्या फिंतास गावातल्या खोलीवर जेवायला आला होता. पगार हमालाचा द्यायचा, भाषा जगभरच्या मागायच्या, आणि वर जेवायचंही फुकट!

उस्मानला त्या भाषेतलं येत होतं एकच क्रियापद, 'जाणवणं'. तेही एरोनेच शिकवलेलं. दुखणं जाणवलं तरी तेच, माणूस ओळखीचा असला तरी तेच. एखादी गोष्ट ठाऊक असण्याचं निराळं. ते अजून शिकायचं होतं.

"बघतोस काय? विचार त्याला, कुठं टोचतंय!" साहेब मोडक्या हिंदीत ओरडला. एरो निळा पडत चालला होता.

उस्मान लहानपणी गावच्या मक्तबात, मशिदीच्या शाळेत, डोलत डोलत पाठांतर करायला शिकलेला. मधलंच एखादं रूप उचलायची त्याला सवयच नव्हती. त्याने डोळे मिटले आणि सुरात सुरू केलं, "मिनॅ तुन्नेन, सिनॅ तुन्नेत, हॅन तुन्तेए..." मला जाणवतं, तुला जाणवतं, त्याला जाणवतं.

पडद्याआड शेजारच्या फखरुन्निसा चाचीने डोक्यावर पदर ओढला. "आमिना, तुझा घोव दुवा पढतोय गो! गोरा चालला वाटतं!"

चाचीचा आवाज गल्लीभर गेला. तिचा मुलगा झहूर माणसं घेऊन धावत आला. सगळ्यांनी हात पसरले.

"मे तुन्नेम्मे..."

"आमीन!"

ही दुवा नाही, हे सांगायला थांबावं तर पुढची रूपं विसरणार. उस्मान डोलतच राहिला. आमिनाने झमझमच्या पवित्र पाण्याची बाटली आणली. झहूरने एरोला आडवा करून त्याचे पाय सरळ केले.

आपल्याला पोचवायची तयारी चाललीय, हे आता एरोला कळलं. सगळा जीव एकवटून तो गरजला, "तुन्नेन! तुन्नेन!"

काटा साहेबाच्या ताटात पडला.

"ही भाषा? हा तर मंत्र!" ताट ढकलत साहेब म्हणाला. "दुभाष्याची जागा विसर." एरोला विचारावं, तर घसा सोलून त्याचा आवाजच गेलेला.

दुसऱ्या दिवशी साहेब कमरेत वाकून स्टोअरच्या दारात उभा. "उस्मान... ते कालचं... माझ्या कमरेवर जरा म्हण ना."

उस्मानने मान वर केली नाही. "स्टोअरकीपरला माल द्यायचाय, साहेब. फुरसत दुभाष्याला असते."

साहेब तसाच वाकलेला ऑफिसकडे निघाला, बढतीचा कागद आणायला.